हॉलंडचा व्हिसा आणि आमचा सातबारा

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या संघाच्या सभासदांमध्यें हॉलंड देश एकदां डोळ्यांनीं पाहून यावा, अशी इच्छा वाढत चालली आहे. ती स्वाभाविकच आहे. नाशिक व सांगलीकडील द्राक्षें दरवर्षीं रॉटरडॅमच्या बंदरांत उतरतात. फुलशेती करणारे लोक आल्समेर येथील लिलावगृहाची कीर्ति ऐकून असतात. हरितगृहांतील टोमॅटो व ढोबळी मिरची हा तर आमच्या तरुण शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यांतील विषय झाला आहे. आल्समेरचें लिलावगृह चालविणारी रॉयल फ्लोराहॉलंड ही संस्था फुलें पिकविणाऱ्यांचीच सहकारी संस्था आहे. तेथील लिलावाच्या घड्याळाचा कांटा वरच्या भावापासून खालीं उतरत येतो, व जो प्रथम कळ दाबील त्यास माल मिळतो. आमच्या बाजारांतील बोलीस कंटाळलेल्या माणसानें हा प्रकार अवश्य पाहावा.

परंतु द्राक्षांची पेटी जितक्या सुरळीतपणें रॉटरडॅमला पोंचते, तितक्या सुरळीतपणें ती पिकविणारा मनुष्य तेथें पोंचत नाहीं. पेटीस वनस्पति-आरोग्याचा दाखला लागतो; माणसास व्हिसा लागतो. आमच्या परिचयाच्या कांहीं शेतकऱ्यांचे अर्ज नामंजूर होऊन परत आले. त्यांत बारा एकर बागेचा धनी होता, आणि सोसायटीचा एक माजी चेअरमनही होता. फी परत मिळाली नाहीं, विमानाच्या तिकिटाचे पैसे गेले, आणि गांवांत तोंड दाखविण्याची लाज वाटूं लागली ती निराळीच. नामंजुरीच्या छापील कागदावर ज्या कारणापुढें खूण केलेली होती तें असें कीं, अर्जदार व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीं परत जाईल याविषयीं वाजवी शंका आहे. ज्याची जमीन गांवीं, विहीर गांवीं, गोठ्यांतील जनावरें गांवीं, त्याच्याविषयींच अशी शंका यावी, याचें आम्हांस प्रथम नवल वाटलें. मग त्यांनीं अर्जासोबत जोडलेले कागद आम्हीं मागवून पाहिले, तेव्हां नवल उरलें नाहीं. आमची हयात तहसील कचेरींत उतारे, फेरफार व दाखले यांत गेली. त्या संवयीनें जें दिसलें तें येथें मांडीत आहों.

प्रथम हें समजून घ्यावें कीं, आपण ज्यास हॉलंडचा व्हिसा म्हणतों तो वस्तुतः शेंगेन व्हिसा होय. ता. १४ जून १९८५ रोजीं लक्झेंबर्ग देशांतील शेंगेन ह्या लहानशा गांवापाशीं, मोझेल नदींतील एका बोटीवर, बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग व नेदरलंड्स ह्या पांच देशांनीं आपसांतील सरहद्दींवरची तपासणी क्रमाक्रमानें काढून टाकण्याचा करार केला. हें गांव द्राक्षमळ्यांचें आहे, हें वाचून आमच्या बागाईतदारांस गंमत वाटेल. तपासणी प्रत्यक्षांत बंद होण्यास मात्र ता. २६ मार्च १९९५ उजाडली. पुढें मंडळ वाढत गेलें. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजीं, आणि बल्गेरिया व रुमानिया पूर्णपणें १ जानेवारी २०२५ रोजीं आंत आल्यावर देशांची संख्या २९ झाली. त्यांतील नॉर्वे, आइसलंड, स्वित्झर्लंड व लिक्टेनस्टाइन हे चार युरोपीय संघाचे सभासद नाहींत, तरी ह्या मंडळांत आहेत. उलट आयर्लंड संघांत आहे, पण मंडळांत नाहीं. इंग्लंड दोहोंतही नाहीं. म्हणून हॉलंडपर्यंत आलोंच आहों तर दोन दिवस लंडन पाहूं, असा बेत करणाऱ्यानें इंग्लंडचा व्हिसा निराळा काढला पाहिजे.

आतां व्हिसा कोणास लागतो व कोणास लागत नाहीं, हें पाहूं. युरोपीय संघाच्या २०१८ सालच्या एका कायद्यास दोन याद्या जोडलेल्या आहेत. पहिल्या यादींतील देशांच्या नागरिकांस व्हिसा लागतो. दुसऱ्या यादींतील देशांच्या नागरिकांस कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहण्यास तो लागत नाहीं. भारत पहिल्या यादींत आहे. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, ब्राझील, मलेशिया, संयुक्त अरब अमिराती हे दुसऱ्या यादींत आहेत, आणि मॉरिशसही आहे. यांतील शेवटचें नांव वाचतांना आमचें मन थोडें थबकलें. एकोणिसाव्या शतकांत मुंबई बंदरांतून कोंकणपट्टींतील कितीएक कुटुंबें उंसाच्या मळ्यांवर मजुरीस मॉरिशसला गेलीं. त्यांचे आजचे मराठी वंशज मॉरिशसच्या पासपोर्टावर ॲम्स्टरडॅमच्या विमानतळावर विनाव्हिसा उतरतात, आणि मागें रत्नागिरींत राहिलेल्या भाऊबंदांस सहा प्रकारचे कागद जमवावे लागतात. याबद्दल कोणी रुष्ट होऊं नये. यादींत कोणास घालावयाचें हें त्या देशांतून बेकायदा राहणारे किती, व्यापाराचा लाभ किती, सुरक्षितता कशी आणि परस्पर सवलत काय, अशा गोष्टी पाहून ठरतें. एका अर्जदाराची लायकी त्यांत पाहिलेली नसते. डच मनुष्यासही भारतांत येतांना व्हिसा काढावा लागतो, हेंही विसरूं नये.

सवलतीविषयीं आमच्या लोकांत पुष्कळ गैरसमज आहेत. मुलगा जर्मनींत नोकरीस आहे म्हणून बापास व्हिसा लागत नाहीं, असें एका गृहस्थांनीं आम्हांस ठासून सांगितलें. तें खरें नाहीं. मुलाजवळ तेथील वास्तव्याचा परवाना असल्यास मुलगा त्यावर हॉलंडला जाऊन येऊं शकतो. बापाचा हक्क त्यानें उत्पन्न होत नाहीं. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टांत असला म्हणजे युरोप मोकळा, हेंही खोटें. दुसरी एक धास्ती पासपोर्टावरील ईसीआर ह्या शेऱ्याची असते. दहावी उत्तीर्ण नसलेल्या अनेक शेतकऱ्यांच्या पासपोर्टावर हा शेरा असतो. तो ठराविक देशांत, मुख्यतः आखाताकडे, नोकरीस जाणाऱ्यांपुरता आहे. युरोपांत पाहण्यास जाणाऱ्याची त्यानें कांहीं अडवणूक होत नाहीं. खरोखर व्हिसावांचून जातां येईल असा देश पाहिजे असेल, तर आपला शेजारी नेपाळ आहे. तेथें पासपोर्टही नको. निवडणूक आयोगाचें मतदार ओळखपत्र पुरतें.

अर्ज कोणत्या देशाकडे करावयाचा, येथेंच पहिली चूक होते. ज्या देशांत सर्वांत अधिक दिवस मुक्काम, किंवा जेथें प्रवासाचा मुख्य हेतु, त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस सारखेच असल्यास ज्या देशांत प्रथम पाऊल पडेल त्याकडे. सहलवाले दहा दिवसांत सात देश दाखवितात, आणि व्हिसा जेथें लवकर मिळेल असें त्यांस वाटतें तेथें अर्ज टाकतात. स्वित्झर्लंडांत पांच रात्री आणि हॉलंडांत दोन, असा कार्यक्रम जोडून नेदरलंड्सकडे अर्ज केला तर तो चुकीच्या दारीं गेला असें समजावें. नेदरलंड्सकरितां अर्ज स्वीकारण्याचें काम व्हीएफएस ग्लोबल ही कंपनी करते. मुंबई व पुणें येथें तिचीं केंद्रें आहेत. कंपनी फक्त कागद, फी व बोटांचे ठसे घेते. मंजुरी-नामंजुरी तिच्या हातीं नाहीं, म्हणून केंद्रांतील कोणाच्या ओळखीचा उपयोग होतो अशा थापेस कोणी पैसे देऊं नयेत.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधींपासून करतां येतो व निदान पंधरा दिवस आधीं करावा लागतो. निर्णय सामान्यतः १५ दिवसांत होतो, पण चौकशी लागल्यास ४५ दिवसही लागूं शकतात. तेव्हां शेवटच्या पंधरवड्यावर विसंबूं नये. ता. ११ जून २०२४ पासून फी ९० युरो झाली आहे. सहा वर्षांपासून बारा वर्षांच्या आंतील मुलांस ४५ युरो, व सहा वर्षांखालील मुलांस माफी. शिक्षकांसह अभ्याससहलीस निघालेल्या विद्यार्थ्यांसही माफी आहे, हें कृषि विद्यालयांच्या चालकांनीं ध्यानांत ठेवावें. मात्र शेतकऱ्याचा अभ्यासदौरा ह्या माफींत बसत नाहीं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा व दोन कोरीं पानें असलेला पाहिजे. निदान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा पाहिजे, व तो सर्व शेंगेन देशांत लागू असला पाहिजे.

ह्या गोष्टी पैसे टाकले म्हणजे होतात. खरा घोळ पुढेंच आहे.

वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढें तीन प्रश्न असतात. हा मनुष्य कशासाठीं जात आहे? तेथील खर्च भागविण्यास याजजवळ पैसा आहे काय? आणि हा परत येईल काय? नोकरदाराचें उत्तर सोपें आहे. मालकाचें पत्र, रजेची मंजुरी, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या व आयकराचें विवरणपत्र, एवढ्यांत तिन्ही प्रश्न मिटतात. शेतकऱ्यास मालक नाहीं, रजा देणारा कोणी नाहीं, पगाराची पावती नाहीं, आणि शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त असल्यामुळें बहुतेकांनीं विवरणपत्र कधीं भरलेलें नसतें. त्या छापील यादींत शेतकऱ्याच्या बहुतेक रकाने रिकामे राहतात. अधिकारी त्यास ओळखत नाहीं. तो फक्त कागद पाहतो. ज्या मनुष्याचे पाय गांवाच्या मातींत सर्वांत घट्ट रुतलेले, तोच कागदावर सर्वांत मोकळा दिसतो.

ह्या रिकाम्या रकान्यांवर आमच्याजवळ एकच भारी कागद आहे, तो म्हणजे सातबारा. परंतु आम्हीं पाहिलेल्या अर्जांत तो कसा जोडला होता? एकानें मराठी उतारा तसाच लावला होता, भाषांतर नाहीं. दुसऱ्यानें तालुक्याच्या गांवीं टंकलेखकाकडून भाषांतर करून घेतलें होतें. त्यांत जुन्या नोंदींतील 'ए. कु. मॅ.' हीं अक्षरें, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, जशींच्या तशीं उचलून अर्जदारास केवळ 'मॅनेजर' ठरविलें होतें. वाचणाऱ्यास वाटावें कीं हा कोणाच्या तरी मळ्यावर पगारी व्यवस्थापक आहे! तिसऱ्यानें क्षेत्र एकर-गुंठ्यांत फिरवून दिलें होतें. याची कांहींच गरज नव्हती. आपला सातबारा हेक्टर व आर यांतच असतो, आणि हेक्टर हें युरोपांतीलच माप आहे. डच शेतकरी आपली जमीन हेक्टरांतच मोजतो. जें त्यास आपोआप कळलें असतें तें आम्हीं प्रयत्नपूर्वक अनोळखी करून ठेवलें.

म्हणून आमची सूचना अशी. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा व आठ-अ काढावा. त्यावरील संकेतचिन्हावरून तो खरा आहे कीं नाहीं हें कोणासही पडताळतां येतें. इंग्रजी भाषांतर जाणत्या भाषांतरकाराकडून करून घ्यावें व त्याचा सहीशिक्का घ्यावा. 'भोगवटादार वर्ग १' याचा शब्दशः तर्जुमा करून थांबूं नये. हा धारक जमिनीचा पूर्ण हक्कदार असून त्यास ती विकण्याचा अधिकार आहे, असा एका वाक्याचा खुलासा खालीं द्यावा. पीकपाहणीची बाजू गाळूं नये. आमचे लोक पहिलेंच पान लावतात, कारण मालकी तेथें असते. परंतु परदेशी अधिकाऱ्यास मालकीपेक्षां वहिवाट अधिक बोलते. ह्या वर्षीं ह्या गटांत द्राक्ष अमुक क्षेत्र, ऊंस अमुक क्षेत्र, हें वाचल्यावर त्यास कळतें कीं मनुष्य नुसता जमीनमालक नाहीं, तर कसणारा आहे.

'इतर हक्क' ह्या रकान्यांतील बोजाविषयीं एक शब्द. सोसायटीचें किंवा बँकेचें कर्ज फिटलें तरी नोंद तशीच पडून राहिलेली आम्हीं शेकडों उताऱ्यांवर पाहिली आहे. भाषांतरांत ती कर्ज म्हणूनच उतरते. फिटलेल्या कर्जाचा दाखला देऊन ती नोंद आधीं कमी करून घ्यावी. चालू पीककर्ज असेल तर लपवूं नये. तें दरसालचें आहे व पिकाच्या पैशांतून फिटतें, असें लिहावें.

आतां सर्वांत मोठी अडचण. पुष्कळ घरीं अर्ज करणारा मुलगा असतो व उतारा बापाच्या नांवें असतो. कधीं कधीं तर बाप वारून दहा वर्षें झालेलीं असतात, आजोबाही गेलेले असतात, आणि सातबारावर अद्याप आजोबाच नांदत असतात! कसणारा नातू प्रत्यक्षांत धनी, पण कागदावर भूमिहीन. गांवांत हें कोणासही खटकत नाहीं, कारण सर्वांस सर्व ठाऊक असतें. वकिलातींत कोणास कांहींच ठाऊक नसतें. वारसाची नोंद करण्यास अर्ज दिल्यानंतर फेरफार धरला जातो, हितसंबंधितांस नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. भाऊबंदांत तंटा असला तर किती काळ जाईल हें सांगवत नाहीं. म्हणून ज्याच्या मनांत पुढील वर्षीं जावयाचें आहे, त्यानें ह्या वर्षींच हें काम उरकावें. पासपोर्ट त्यानंतर काढला तरी चालेल. बाप हयात असून जमीन त्यांच्या नांवें असेल, तर त्यांचें खर्चाविषयींचें हमीपत्र, त्यांचा उतारा, त्यांच्या खात्याचा हिशेब आणि दोघांचें नातें दाखविणारा जन्मदाखला किंवा शिधापत्रिका, असें सर्व एकत्र द्यावें.

नांवांचा मेळ हाही असाच. सातबारावर 'आण्णा', आधारावर 'अण्णासाहेब', पासपोर्टावर तिसरेंच. बायकांचीं नांवें लग्नानंतर बदलतात, आणि त्यांच्या नांवें जमीन तर क्वचितच असते. एकाच व्यक्तीचीं हीं नांवें आहेत असें प्रतिज्ञापत्र द्यावें, व पतिपत्नींनीं मिळून अर्ज केल्यास विवाह नोंदणीचा दाखला न विसरतां जोडावा.

पैशाच्या प्रश्नास मात्र सातबारा उत्तर देत नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. कांहीं दलाल जमिनीचें मूल्यांकन काढवून त्यावर कोटींचे आंकडे लिहवून घेतात. जमिनीच्या किमतींतून ॲम्स्टरडॅमच्या हॉटेलचें बिल भागत नाहीं. त्यास बँकेचें खातेंच पाहिजे. आणि शेतकऱ्याच्या खात्याचा स्वभाव असा कीं, आठ महिने त्यांत पाणी नसतें आणि मग कारखान्याचें बिल आलें कीं एकाएकीं पूर येतो. महिन्याच्या महिन्यास सारखी रक्कम पाहण्याची ज्यास संवय, त्या अधिकाऱ्यास हा पूर संशयास्पद वाटतो. अर्जापुरते उसने पैसे भरले असावेत, असें तो समजतो. कांहीं जण खरोखर तसें करतातही, व त्यामुळें बाकीचे भरडले जातात. यावर उपाय एवढाच कीं, प्रत्येक मोठ्या जमेसमोर तिचा कागद ठेवावा: साखर कारखान्याचें ऊंसबिल, बाजार समितींतील हिशेबपट्टी, द्राक्ष निर्यातदाराचें देयक, दूध संघाचा हिशेब. दूध संघाची दर दहा दिवसांची जमा लहान असली तरी फार उपयोगी, कारण ती पगारासारखी नियमित दिसते. तहसीलदारांकडून उत्पन्नाचा दाखला व ऐपतीचा दाखला मिळतो. तोही भाषांतरासह जोडावा. ज्यांची निर्यातक्षम बाग कृषि खात्याकडे नोंदलेली आहे, त्यांनीं ती नोंदणी अवश्य लावावी. आणि आयकर द्यावयाचा नसला तरी विवरणपत्र भरतां येतें व शेतीचें उत्पन्न त्यांत दाखवितां येतें. दोन-तीन वर्षें तें भरून ठेवलेल्या शेतकऱ्याचें काम पुष्कळ हलकें होतें, असा आमचा अनुभव आहे.

प्रवासाचा हेतु सांगणारें पत्र अर्जदारानें स्वतःच्या शब्दांत लिहावें. दलालांकडे एकच नमुना असतो. वीस शेतकऱ्यांचीं पत्रें एकाच साच्याचीं गेलीं म्हणजे अधिकाऱ्यानें काय समजावें? पत्रांत काय पाहावयाचें तें नेमकें लिहावें: आल्समेरचा लिलाव, अमुक ठिकाणचीं हरितगृहें, वाखेनिंगेनचें कृषि विद्यापीठ, किंवा ॲम्स्टरडॅम येथें जूनमध्यें भरणारें ग्रीनटेक हें प्रदर्शन. ज्या संस्थेस भेट द्यावयाची तिचें पत्र मिळाल्यास उत्तमच. कोणा परिचिताच्या घरीं उतरणार असल्यास त्यानें नेदरलंड्स सरकारच्या ठराविक नमुन्यावर तेथील नगरपालिकेसमोर सही केलेलें हमीपत्र पाठवावें लागतें. साधी चिठ्ठी चालत नाहीं. आणि याच पत्रांत पिकाचें वेळापत्रक घालावें. द्राक्षवाल्यानें लिहावें कीं, माझ्या बागेची खरड छाटणी एप्रिलमध्यें आहे व तत्पूर्वीं मला परत येणें भाग आहे. माझ्या मागें बाग अमुक भाऊ पाहील. ट्यूलिपच्या फुलांचा केउकेनहोफचा बगीचा मार्चच्या उत्तरार्धापासून मे महिन्याच्या मध्यापर्यंतच उघडा असतो, आणि ग्रीनटेकच्या वेळीं आपल्याकडे पेरणीची घाई असते. तेव्हां प्रत्येकानें आपलें पीक पाहून तारखा निवडाव्यात. पेरणीच्या तोंडावर तीन आठवड्यांचा प्रवास मागणारा शेतकरी, हा शेतकरीच आहे कीं नाहीं, असें कोणीही विचारील.

खोटें हॉटेल-आरक्षण, खोटें निमंत्रण, फुगविलेला हिशेब यांपासून दूर राहावें. हे प्रकार उघडकीस आले म्हणजे अर्ज तर जातोच. शिवाय अर्जाची माहिती सर्व शेंगेन देशांच्या सामाईक दप्तरीं पांच वर्षें राहते, व पुढील अर्जाच्या वेळीं कोणत्याही देशाचा अधिकारी ती पाहूं शकतो. नामंजुरीविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे व तिची रीत त्या कागदावरच दिलेली असते. मुदत थोडी असल्यामुळें ती त्याच दिवशीं वाचावी. आमचें मत असें कीं, कागदच अपुरे होते असें दिसल्यास दाद मागत बसण्यापेक्षां ते पुरे करून नवा अर्ज करणें बरें.

ठसे देण्यास प्रत्येकास स्वतः जावें लागतें. बारा वर्षांखालील मुलांस व ज्यांचे ठसे शारीरिक कारणानें उमटूंच शकत नाहींत त्यांस माफी आहे. एकदां दिलेले ठसे ५९ महिने चालतात. कष्टाच्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, व यंत्र त्यांस लवकर ओळखत नाहीं. म्हणून आधींचे सात-आठ दिवस चुना, सिमेंट व फवारणीचीं औषधें यांत उघडे हात घालूं नयेत आणि बोटांस तेल चोळावें.

व्हिसा मिळाला म्हणजे तो पासपोर्टावर चिकटविलेला असतो. त्यावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा असतात व निराळ्या जागीं मुक्कामाचे दिवस असतात. येथें चांगले शिकलेले लोकही फसतात. तारखांमधील अवकाश बहुधा मुक्कामाच्या दिवसांपेक्षां पंधरा दिवसांनीं अधिक ठेवलेला असतो, तो प्रवास मागेंपुढें झाल्यास अडचण येऊं नये म्हणून. दिवस दहा लिहिले असतील तर दहाच राहावयाचें. उतरल्याचा दिवस व निघाल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. ज्यांस अनेक वेळां जाण्याचा व्हिसा मिळतो त्यांना १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते. ती कॅलेंडरच्या सहामाहीप्रमाणें नसून, ज्या दिवशीं आपण तेथें आहों त्या दिवसापासून मागें १८० दिवस मोजावयाचे, अशी आहे. कोणी १ मार्चला जाऊन २९ मे रोजीं निघाला तर ९० दिवस भरले. त्यास पुन्हां २८ ऑगस्टच्या आधीं पाय ठेवतां येणार नाहीं.

व्हिसा असला तरी विमानतळावरचा अधिकारी पुन्हां विचारूं शकतो, व समाधान न झाल्यास परतही पाठवूं शकतो. म्हणून अर्जाच्या सर्व कागदांची एक प्रत हातांतल्या पिशवींत असावी. पेटी तर सामानांत गेलेली असते. ता. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांऐवजीं यंत्रांत येण्याजाण्याची नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानें सुरू झाली. तींत चेहऱ्याचें चित्र घेतलें जातें, आणि मुदतीपेक्षां एक दिवस अधिक राहिलेला मनुष्य आपोआप उघडा पडतो.

वेळेवर परत येणाऱ्यास पुढें लाभ आहे. ता. १८ एप्रिल २०२४ रोजीं युरोपीय आयोगानें भारतांत राहणाऱ्या भारतीयांकरितां असें ठरविलें कीं, मागील तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणें वापरलेल्यास दोन वर्षांचा, अनेक वेळां जाण्याचा व्हिसा मिळावा. व त्यानंतर, पासपोर्टाची मुदत पुरेशी असल्यास, पांच वर्षांचा. ज्यांचा द्राक्षाचा किंवा फुलांचा व्यापार तिकडे आहे त्यांनीं जुना पासपोर्ट, तो संपला तरी, जपून ठेवावा. नियम व फी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या वेळीं वकिलातीची चालू यादी पाहून घ्यावी.

शेवटीं बरोबर नेण्याच्या जिनसांविषयीं. घरचें तूप, पेढे, खवा नेऊं नयेत. दुधाचे व मांसाचे पदार्थ युरोपीय संघांत प्रवाशास नेतां येत नाहींत. ता. १४ डिसेंबर २०१९ पासून फळें, भाज्या व रोपें यांसही वनस्पति-आरोग्याचा दाखला लागतो. त्यास पांचच फळें अपवाद आहेत: अननस, नारळ, केळें, खजूर आणि ड्युरियन. म्हणजे जळगांवच्या माणसानें केळीं व कोंकणच्या माणसानें नारळ खुशाल न्यावा. नाशिककराची द्राक्षें आणि देवगडचा हापूस पिशवींतून जाणार नाहीं. येतांना ट्यूलिपचे कंद आणण्याचा मोह प्रत्येकास होतो. रोपें, बी वा कंद भारतांत आणण्यास वनस्पति संगरोध आदेश, २००३ प्रमाणें आयातीचा परवाना व त्या देशाचा वनस्पति-आरोग्य दाखला लागतो. ते नसल्यास कंद मुंबईच्या विमानतळावर काढून घेतले जातात.